मास्तरांचं माप

आमच्या घरातले मास्तर शाळेतले नाहीत, कपडे शिवणारे आहेत. बाजाराच्या तोंडाशी दुकान, आत दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टांगलेले बिनबाह्यांचे कोट. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की सांगण्यात आली आहे, ती म्हणजे ह्यांचं माप कधी चुकत नाही. पँट आखूड झाली तर गिऱ्हाइकाची उंची वाढलेली असते. कोट पोटावर बसत नसेल तर गिऱ्हाईक मधल्या काळात नको तेवढं जेवलेलं असतं. एका भल्या माणसाला तर ह्यांनी, तुमचा डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे, हे इतकं पटवून दिलं की तो बिचारा डॉक्टरला दाखवून आला.

ह्यांचं दुसरं वेड म्हणजे समुद्रावर गळ टाकून बसणं. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. रीतसर परवाना काढून, धक्क्यावर आपली ठरलेली जागा धरून. जिताडा माशाचा अंडी घालायचा काळ आला की गळाला बंदी असते, आणि ते महिने ह्यांच्याबरोबर एका घरात काढायचे म्हणजे माझी परीक्षाच. दुकान रिकामं असलं की हे रॉड बाहेर काढतात आणि काउंटरमागून समोरच्या बटणांच्या डब्यात शिशाचं वजन टाकायचा सराव करतात. यंदाच्या बंदीत त्यांनी एकदा डब्याऐवजी नुकत्याच आत आलेल्या गिऱ्हाइकाची टोपी उडवली. टोपी परत देताना, तुमच्या डोक्याला ही सैलच होती, असंही सांगितलं.

"तुम्हाला त्या धक्क्यावर एवढं काय मिळतं हो?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"तिथे मला कोणी 'कधी मिळेल' असं विचारत नाही," हे म्हणाले.

वर्षभर मान मोडून दुसऱ्याच्या कपड्यांत बसलेला माणूस. त्याला मान वर करून लांबवर बघायला मिळतं ते तेवढ्या हंगामातच, हे माझ्या लक्षात आलं.

धक्क्यावरचे नियम साधे आहेत. जिताडा ठरलेल्या लांबीला कमी भरला तर तो अजून वाढीचा आहे, त्याला तिथल्या तिथे पाण्यात सोडायचं. आणि भरला तरी एका परवान्यावर दिवसाला दोनच. आधीचे निरीक्षक हे नियम कँटीनच्या खुर्चीत बसून राबवत. त्यामुळे मासे मोजायचं काम आपसूक आमच्या मास्तरांकडे आलं होतं. गळ्यात टेप अडकवून धक्क्यावर येणारा दुसरा माणूस तरी कोण होता? मासा हाती लागला की जो तो ह्यांच्याकडे धावे. हे चष्मा सावरत, टेप सोडत, आणि "पास" म्हणत. मास्तरांनी मापलं म्हणजे मापलं. त्या क्षणी ह्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मासा त्यांनी स्वतः शिवला असावा असं वाटे.

अशात आमचा जावई निरीक्षक होऊन याच धक्क्यावर बदलून आला. मत्स्य खात्यातला माणूस, सरळ नाकाचा आणि कमी बोलणारा. "तुझा नवरा बोलत का नाही गं?" असं मी लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तो मोजत असतो." आमच्या ह्यांना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. कायदाच आता आपल्या घरात जेवायला येतो, असं ते दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. मी म्हटलं, "अहो, जरा बेतानं." पण गाडी सुटली होती.

बंदी उठली त्या सकाळी मी डबा आणि चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर गेले. मी नाही गेले तर हे जेवत नाहीत, एवढंच माझं तिथलं काम. धक्का गजबजलेला होता. दातांचे डॉक्टर होते, सायकल दुरुस्तीवाला होता, आणखी ओळखीचे चारदोन चेहरे. मासा जिवंत राहावा म्हणून प्रत्येकाने आपापली जाळीची पिशवी दोरीने खाली पाण्यात सोडलेली. ह्यांच्या पिशवीत एक जिताडा होता आणि चेहऱ्यावर दोन. बाकीच्यांचे मासेही ह्यांनीच पास करून दिले होते.

तेवढ्यात जावई आला. खांद्यावर मोजायची फळी, एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली आणि मध्ये तांबडी रेघ. "बाबा, जरा पिशवी वर घेता का?" तो अदबीने म्हणाला.

"घ्या की, जावईबापू. आपलं सगळं उघड आहे." हे इतक्या मोठ्याने बोलले की पार टोकाला बसलेल्यांनी माना वळवल्या.

जावयाने फळी भिजवली, मासा अलगद तिच्यावर ठेवला, तोंड पट्टीला टेकवलं आणि शेपटी सारखी केली. शेपटी तांबड्या रेघेच्या अलीकडेच राहिली. त्याने पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मग त्याने मासा बादलीतल्या पाण्यात सोडला आणि त्याचे कान लाल झाले.

"बाबा, हा कमी भरतोय."

हे हसले. "तुमची फळी आखूड असेल."

"फळी खात्याची आहे, बाबा."

"मग खातं आखूड असेल. बघा इकडे." असं म्हणून ह्यांनी गळ्यातला टेप काढला, मासा ओल्या हाताने उचलून धरला, आणि तोंडापासून डोक्याच्या उंचवट्यावरून, पोटाच्या फुगीर भागावरून टेप अंगाला धरत धरत शेपटीपर्यंत नेला. शेवटी टेपखाली एक बोट घातलं. "हे घ्या. पास."

जावयाने मासा हळूच परत बादलीत घेतला. "बाबा, मासा सरळ मोजायचा असतो. आडवा ठेवून. असा वळसा घालून नाही."

"सरळ?" हे खरोखरच चकित झाले. "अहो, माणसाला सरळ मोजून कोट शिवला तर बटण लागेल का? अंगाला धरून घेतात त्याला माप म्हणतात."

"आणि शेवटी बोट घातलंत ते?"

"ते थोडं सैल. जेवल्यावर लागतं."

"त्याला कोट शिवायचा नाहीये, बाबा."

सायकलवाला फिस्सकन हसला आणि मग स्वतःचीच पिशवी आठवून गप्प झाला. जावयाने सगळ्यांच्या पिशव्या वर घ्यायला लावल्या. एकूणएक मासा रेघेच्या अलीकडे. सगळे ह्यांनी पास केलेले, सगळ्यांना पोटावरून वळसा आणि वर बोटभर सैल. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टर पुढे झाले. "आम्ही मास्तरांचं माप मानतो. काय करायचं ते करा."

"मी सांगतो काय करावं लागेल ते," जावई म्हणाला. "मोजण्यात चूक झाली असं मान्य करून मासा जिवंत सोडला तर नुसती ताकीद. माप बरोबरच आहे म्हणून मासा ठेवून घेतला तर परवाना जप्त, अख्खा हंगाम. जे ठेवतील त्या सगळ्यांचा."

आता सगळा धक्का ह्यांच्याकडे बघायला लागला. माप ह्यांचं, तेव्हा बोलायचं ह्यांनीच. हे नुसते 'बरोबर आहे' म्हणाले असते तर ते सगळे हट्टाने ह्यांच्यामागे उभे राहिले असते, आणि सगळ्यांच्या हंगामावर पाणी पडलं असतं. ह्यांचा तर जीवच त्या हंगामात. पण 'चुकलं' हा शब्द ह्या माणसाने जन्मात उच्चारलेला नव्हता. मुंडावळ्या बांधताना उजव्याडाव्याचा घोळ झाला तेव्हासुद्धा कपाळ वाकडं आहे म्हणाले होते. माझा जीव टांगणीला लागला. जावयाचा तर मला असा राग आला की काय सांगू. आणि तो बरोबर होता म्हणून जास्तच आला.

ह्यांनी टेपची गुंडाळी केली. ती सुटली. परत केली. समुद्राकडे बघितलं, रॉडकडे बघितलं, मग पायाशी ठेवलेल्या बादलीत बघत म्हणाले, "माझं माप चुकलं."

"मोठ्याने, मास्तर," टोकाचा कोणीतरी मेला म्हणाला, "ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं माप," हे मोठ्याने म्हणाले. "सोडा रे सगळे."

हे वाक्य ऐकायला मी लग्न झाल्यापासून कान टवकारून बसले होते. ऐकलं की काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि ऐकलं तेव्हा मला एकदम रडू आलं. वाटलं, पुढे होऊन म्हणावं, नाही हो, तुमचं बरोबर आहे, माशांचंच काहीतरी बिनसलंय. एकेक मासा पाण्यात गेला. ह्यांनी आपला सगळ्यात शेवटी सोडला आणि डबा न उघडताच घरी आले.

ते वाक्य आमच्या आधी बाजारात पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर दाराशी रांग. कोणाच्या हातात आखूड पँट, कोणाच्या हातात गळ्याशी आवळणारा शर्ट. डाव्या हातवाला तर कोट अंगात घालूनच आला होता. "मास्तर, आता आमचंही बघा," एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. मी एकेकाला वाटेला लावणार होते. पण ह्यांनी मला थांबवलं आणि सगळ्यांचं सगळं ठेवून घेतलं. टेबलावर ढीग लागला, टेबलाखाली लागला. परवाना खिशात आणि हे मशीनवर. बाहेर हंगाम चालला होता, आणि जो येईल तो विचारत होता, "कधी मिळेल?"

मी जावयाशी बोलणं टाकलं. तो येई तेव्हा चहा पुढे ठेवायचा आणि आत निघून जायचं, असं माझं चाललं होतं. लेक म्हणाली, "आई, तो तरी काय करणार?" मी म्हटलं, "मला माहितेय तो काय करणार. म्हणूनच बोलत नाही."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच दुकानात आला. कोणाला काही न विचारता स्टुलावर बसला, ब्लेड घेतलं आणि एका कोटाची बाही उसवायला लागला. एक बाही सुटली, त्याने दुसरी हातात घेतली. मग हे मशीनवरून मान न वळवता म्हणाले, "जावईबापू, टाका सरळ उसवा. कापड फाटेल."

"हो बाबा. सरळच उसवतोय."

मी मागे उभी होते. मला हसू आवरेना म्हणून पाणी आणायला गेले आणि येताना दोघांना चहाही घेऊन आले. तो उसवत गेला, हे शिवत गेले. दुपार कलली तसा ढीग संपला, आणि ह्यांनी मशीनवर कापड टाकलं. "चला," म्हणाले.

ऊन उतरलं होतं. आमच्या बाजूला धक्क्यावर कोणी नव्हतं. ह्यांच्या गळ्यात टेप नव्हता, आणि त्या मोकळ्या गळ्याने हे मला उगीचच लहान दिसले. जावयाने सुट्टी असूनही फळी आणली होती. त्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नसावं. सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना रॉड वाकला. हे उठले, दोरा दिला, ओढला, पुन्हा दिला. मी जाळं धरलं आणि जिताडा वर आला. त्या हंगामातला ह्यांचा हा दुसराच मासा.

ह्यांनी तो जावयापुढे धरला. "मोजा."

जावयाने फळी भिजवून मासा ठेवला. मी वाकून बघितलं. शेपटी रेघेपासून नखभर अलीकडे होती. जावयाने इकडेतिकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, चालेल हा."

हे चष्मा पुसून फळीवर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. "कसा चालेल? आखूड आहे."

"नखभरच आहे, बाबा."

"नखभराने आखूड म्हणजे आखूडच." ह्यांनी मासा दोन्ही हातांनी उचलला, धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात धरला, आणि तो आपला आपण निघून जाईपर्यंत हात तसेच ठेवले.

जावयाची मान खाली गेली. त्याचे कान त्या सकाळपेक्षाही लाल झाले होते. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"असू दे," हे वर येऊन ओले हात पँटला पुसत म्हणाले. "चुकलं म्हटलं की माणूस मरत नाही. मी म्हणून बघितलंय." मग त्यांनी आपला रॉड त्याच्या हातात दिला आणि मला डबा उघडायला सांगितला.