मादी ओळीतली पिवळी फुलं

तपासनीस ताईंनी बियाण्यासाठी लावलेल्या एरंडाचा घड वाकवला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मादी ओळीतल्या घडावर फक्त तांबडी, मादी फुलं हवी होती. इथे मधूनमधून पिवळी, नर फुलं होती. नखाने टिचकी मारली तर पराग उडाला.

मागे त्यांची धाकटी बहीण आणि मेहुणा उभे होते. शेत त्यांचंच.

"काय मोजताय ताई, माझे पिकलेले केस?" मेहुणा म्हणाला. त्याला गप्प बसवत नसे. आज कोणी हसलं नाही.

ही जात थंड डोंगराळ भागातली. तिथे मादी ओळ शुद्ध राहते. ऊन तापलं की नर फुलं धरते आणि सगळं बियाणं भेसळीचं होतं. मग ते पेरणीच्या पिशवीत जात नाही, तेलाच्या गिरणीत जातं. हे सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगणाऱ्या ताईंनीच गेल्या वर्षी बहिणीला सांगितलं होतं की तुमच्या सपाटीवरही फुलोरा थंडीतच येईल, बिनधास्त लाव. यंदा थंडी तीन आठवडे आधीच गेली.

शंभर झाडांत सतरा पिवळ्या फुलांची निघाली. नियमाने एकदोनच चालतात. मग ताई वाटेकडेच्या ओळीत आल्या. ती ओळ अगदी स्वच्छ होती. त्यांनी चष्मा वर करून एक घड डोळ्यांजवळ धरला. तांबड्या फुलांखाली खुडल्याच्या खुणा होत्या, अजून ओल्या.

"कधी खुडलीस?"

"सकाळी. आतल्या ओळींपर्यंत पोचले नाही."

"पोचली असतीस तर सांगितलं असतंस मला?"

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नसतं सांगितलं, ताई."

मेहुणा चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. त्याचं नेहमीचं पीक बाजूला सारून धाकटीने पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काही अंगावर घेतलं होतं. शेजारच्या बाया पुढच्या वर्षी तिचं पाहून हेच लावणार होत्या. आठ दिवस दे, एकूणएक फूल काढते, असं ती हलक्या आवाजात सांगू लागली. ताईंनी ऐकून घेतलं. बहीण अशी अजिजी करते आहे हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"वाऱ्याने नेलेला पराग खुडता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "हे बी कुणीतरी भरवशाने पेरेल."

बांधावर बसून त्यांनी नामंजुरीचा कागद भरला. कारणाच्या रकान्यात वाढतं तापमान लिहिलं. पेन थांबलं. मग त्याखाली त्यांनी लिहिलं, की ही जात इथे लावायचा सल्ला तपासनिसाने स्वतः दिला होता.

सहीसाठी कागद हातात घेतल्यावर धाकटीने ते वाचलं.

"हे कशाला? वरचे तुलाच धरतील. मी कुणाला बोलले नसते."

"माहीत आहे. म्हणूनच लिहिलं."

धाकटीने सही केली, कागद परत दिला आणि बहिणीच्या शेजारी बांधावर बसली.

मेहुण्याने वाटेवरच्या खांबावरून बीजोत्पादनाची पाटी उतरवली. तिच्यावर बायकोचं नाव होतं. बाहीने त्याने त्यावरची धूळ पुसली. मग ती खाली ठेवायला इकडेतिकडे पाहत राहिला. त्याला जागा सापडेना.