पुलावरची कंपनी

जेवणाच्या सुट्टीआधी यादी हवी, असं कर्नल अब्दिलासनं कॅप्टन जोमार्तला सांगितलं. कंपनीतला कोणता शिपाई या खोऱ्यातला आणि कोणता बाहेरचा, एवढंच लिहायचं होतं. पण कारण न कळायला जोमार्त दूधखुळा नव्हता. अध्यक्षांचा माणूस इथं मतमोजणीत आपटला होता, तरी रेडिओनं त्यालाच निवडून आणलं होतं. आता खोऱ्यातली माणसं पुलावरून निवडणूक कचेरीकडे जाब विचारायला निघणार होती. मामा-चुलत्यांवर गोळी झाडताना पोराचा हात अडखळतो, परक्याचा अडखळत नाही. हुकूम तोंडीच होता. जोमार्तनं लेखी मागितला, तर कर्नल हसून म्हणाला, शपथ घेताना मागितला होतास का कागद?

पोरांना यातलं काय ठाऊक? गाव विचारतायत म्हणजे रजा मिळणार, असा त्यांनी अंदाज बांधला. किर्गिझ पोरं ती, बापापासून वरच्या सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणू लागली. उत्तरेकडचा दोलोतबेक तर लाडीगोडीनं म्हणाला, "साहेब, माझी आजी इथली. मलाही इथलाच धरा ना." जोमार्तला त्याच्याकडे बघवेना.

त्यानं एक्याऐंशीच्या एक्याऐंशी जण खोऱ्यातले म्हणून लिहिले. खोटं होतं, पण अशी कंपनी गोळीबाराला कोण उभी करील? बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं वरच्याला पहिल्यांदाच फसवलं, आणि त्याला बरं वाटलं.

कर्नलनं यादी सावकाश वाचली. "सगळे इथले?"

"सगळे, साहेब."

"छान झालं. मग यांना कोणी दगड मारणार नाही. बंदुका जमा कर आणि पोरांना पुलावर पुढे उभं कर. मागे उभी राहायला बाहेरची कंपनी येतेय."

मागून गोळी सुटली तर माझ्या पोरांचं काय, असं जोमार्तनं विचारलं. ते बघायला आम्ही आहोत, म्हणून कर्नलनं त्याला वाटेला लावलं. जोमार्तला स्वतःच्याच शहाणपणाचा संताप आला. निम्म्यांचे हात रक्तानं भरू नयेत म्हणून धडपडला आणि सगळ्यांनाच मरणाच्या तोंडी दिलं.

दोन वाजता ते रिकाम्या हातांनी पुलावर उभे होते. समोरून गाव येत होतं, म्हातारे पुढे. पाठीमागे ट्रक थांबले. उतरणाऱ्यांत एकही तोंड ओळखीचं नव्हतं. बंदुकांचे खटके ऐकू आले.

"ही रजा नाही ना, साहेब?" दोलोतबेकनं हळूच विचारलं.

"नाही रे बाळा. माझी चूक झाली. ज्याला जायचं त्यानं आत्ता जा, मी अडवणार नाही."

कोणी हललं नाही. भीतीनं असेल, सवयीनंही असेल. मग जोमार्तनं आयुष्यात पहिल्यांदा, वरून कोणी न सांगितलेला हुकूम दिला.

"कंपनी, पीछे मुड."

एक्याऐंशी पोरं एकदम फिरली. गावाकडे त्यांची पाठ झाली आणि बंदुकांकडे तोंड. जोमार्त रांगेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ट्रकापाशी कर्नलनं हात वर केला. परकी पोरं आता आपल्याच वर्दीवर नेम धरून तो हात खाली यायची वाट बघत होती.