टाकी भरून परत

आमच्या भागात कुणाची गाडी मागून नेली, तर परत देताना टाकी भरून द्यायची. हा काही कायदा नाही, पण जो भरत नाही त्याला पुन्हा कुणी कुदळसुद्धा देत नाही. आणि माझे सासरे सिल्व्हिओ झानेट्टी रीतीभातीचे पक्के. त्यामुळे त्या शनिवारी जे झालं त्याचा दोष त्यांना द्यावा की रीतीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी गाडी म्हणजे १९८५ची स्वीडिश स्टेशन वॅगन. दिसायला पावाचा डबा. आमच्याकडे अशा गाड्या टोपी घालून, रस्ता अडवत सावकाश गाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या समजतात. तिला टर्बो बसवतेय म्हटल्यावर शेजारचा केव्ह कुंपणावर रेलून म्हणाला, "छान! उद्या फ्रिजलाही लाव, नरेल." केव्ह गाड्यांच्या डोंगरचढाईच्या शर्यतीत दर वर्षी उतरतो, म्हणून त्याला वाटतं की बाकीच्यांना फक्त टाळ्या वाजवता येतात. तेव्हाच ठरवलं, याच्या नाकावर टिच्चून मी त्या डोंगरावर जाणार.

चार वर्षं मी त्या इंजिनाच्या मागे होते. चार सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं, म्हातारं पण काटक. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्तीची हवा कोंबतो, आणि हवा वाढली की इंधनही वाढवावं लागतं. ते इंधन लेचंपेचं असलं, तर ठिणगीची वाटही न बघता पेटतं आणि पिस्टनची वाट लावतं. म्हणून इंधन निवडणं महत्त्वाचं. एकीकडे भारीतलं पेट्रोल, दुसरीकडे आपल्याच उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल. इथेनॉल थंड डोक्याचं असतं, पण खादाड. जवळजवळ दीडपट लागतं, आणि पंपावरच्या मिश्रणात त्याचं प्रमाण आज एक तर उद्या दुसरं. मी पेट्रोल निवडलं आणि सगळं मोजमाप त्याच्यावर बसवलं.

"चार पिढ्या ऊस लावणाऱ्या घरात पेट्रोल पाजतेस?" जेवताना माझा नवरा आल्दो मला चिडवायचा. पापा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा खाली मान घालून जेवत असायचे.

पापा तेव्हा कशालाच काही म्हणत नसत. सासूबाई गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असायचे. गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या आगगाड्या दारावरून जायला लागल्या, तरी मान वळवून बघत नव्हते. आम्ही घरात दबक्या आवाजात बोलायचो. मीसुद्धा, जिचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला हरवतो!

आणि शुक्रवारी हा माणूस खुर्चीतून उठला. "किल्ली दे. क्लबात बोच्चेचे चार गोळे टाकून येतो." त्यांच्या स्वतःच्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या मेली होती. जी गाडी मी नवऱ्याला पुसूही देत नाही, तिची किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली. संध्याकाळी परत आले तेव्हा ओठांवर हसू होतं. मला रडूच आलं.

शनिवारी डोंगरावर सकाळी सरावाची फेरी होती, दुपारी शर्यत. दुसऱ्या वळणानंतर मी पाय दाबला आणि इंजिनाला धाप लागली. हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा काटा सांगत होता, इंधन कमी पडतंय. मी झटकन पाय उचलला आणि हळूहळू खाली आले. गाडीमागे उभी राहिले तर मळी आंबल्याचा गोडसर वास. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"पापांनी टाकी भरली," मी आल्दोला म्हणाले. "इथेनॉलने."

त्याने माझा दंड धरला. "त्यांना बोलू नकोस. क्लच बिघडला म्हण. शर्यत पुढच्या वर्षी होईल. नरेल, तो माणूस काल पहिल्यांदा बाहेर पडला. परत त्या खुर्चीत जाऊन बसला तर?"

आल्दोचं खरं होतं. तेवढ्यात पापा थर्मासमधून कॉफी घेऊन आले.

"काय झालं?"

"क्लच," मी म्हणाले.

ते वाकले आणि त्यांनी वास घेतला. सगळा जन्म कारखान्याच्या वाऱ्याखाली काढलेला माणूस! "हा क्लचचा वास नाही. मी भरलं ते चुकलं का?"

"नाही नाही पापा," आल्दो घाईने म्हणाला, "तुमचं काही नाही. तुम्ही बसा बघू सावलीत."

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चेहरा मिटायला लागला. कालचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते खरंच सावलीकडे वळले. मग माझ्याच्याने राहवेना.

"हो! तुमचंच चुकलं!" मी ओरडले. "चार वर्षं घासतेय मी या इंजिनावर! भरायच्या आधी एकदा विचारायला काय झालं होतं?"

आजूबाजूच्या गाड्यांवरचे पाने-हातोडे थांबले. आल्दोने डोळे मिटून घेतले. पापा सावकाश वळले, आणि मग असे गरजले की चहाच्या तंबूतल्या बायका बाहेर आल्या.

"मग लिहायचं होतं झाकणावर! मला काय स्वप्न पडतं? आपला ऊस घातला, विष नाही! आणि दोन वर्षं मला अंड्यासारखं कापसात ठेवलंय तुम्ही. पापा बसा, पापा झोपा. म्हातारा झालोय मी, मेलो नाही अजून!"

"मग मेल्यासारखे वागू नका!"

हे माझ्या तोंडून निसटलंच. पापांनी कॉफीचा कप बॉनेटवर आपटला.

"ओरडत काय बसलीस? त्याला जास्त लागतं ना, मग जास्त दे."

केव्ह आला तो काचेची एक नळी घेऊन. त्याची गाडी पहिल्यापासून इथेनॉलवर. "तुझ्या सासऱ्याचा आवाज दरीपर्यंत गेला," तो म्हणाला. "घे. हिच्यात थोडं इंधन घे, पाणी घालून हलव, टाकीत किती इथेनॉल आहे ते कळेल." वैरी असला तरी अडीनडीला कामाचा.

प्रमाण कळलं. मी लॅपटॉप उघडून इंधन वाढवत गेले, पापा काट्याकडे बघून "अजून, अजून" म्हणत राहिले, जसं काही त्यांना त्यातलं कळत होतं. टर्बोचा जोर मी मुद्दाम बेताचाच ठेवला. आणि दुपारी तो पावाचा डबा डोंगर चढला! एकदाही धाप लागली नाही. चौथ्या वळणाला मी एकटीच गाडीत किंचाळत होते. नंबर केव्हच्या मागेच लागला, पण जरासाच मागे, आणि या वेळी त्याने फ्रिजचं नाव काढलं नाही.

खाली आले तर पापा वाट बघत उभे. "शेवटच्या वळणाला गिअर उशिरा टाकलास. आणि त्या टाकीत आता पेट्रोल घालशील तर बघ."

आल्दोने तिघांसाठी पावात घातलेली सॉसेजेस आणली. पापांनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"याला सॉसेज म्हणतात? रोझालिया असती तर त्या माणसाला शेगडीपासून हाकलून दिलं असतं."

दोन वर्षांत सासूबाईंचं नाव आमच्यापैकी कुणी तोंडातून काढलं नव्हतं. आल्दो हातातला पाव तसाच धरून उभा राहिला. मीच विचारलं.

"आणि काय म्हणाली असती?"

पापा गाडीच्या उघड्या मागच्या दारात ऐसपैस बसले. "खूप," ते म्हणाले. "बसा. सांगतो."