ओढ्याकाठची पट्टी

तण दिसलं की आमच्या वडिलांच्या, आबांच्या, तळपायाची आग मस्तकात जाते. पन्नास वर्षं त्यांनी शेत आरशासारखं ठेवलं. आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ओढ्याकाठची बारा मीटर रुंद पट्टी पाच वर्षं न नांगरता सोडायचा सरकारशी करार केला. गवत वाढू द्यायचं, माती ओढ्यात जाऊ द्यायची नाही, पाखरांना घरटी करू द्यायची. त्याचं अनुदान मिळतं. पट्टीला नांगर लागला की करार रद्द. दुसऱ्या कुणी नांगर घातला आणि मालकाने त्याला अडवल्याचा पुरावा असेल तरच माफी. त्या अनुदानाच्या भरवशावर दादा कारखान्यातली नोकरी सोडून घरी आला होता. करार मोडला तर तो परत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमीन त्याच्या नावावर, करार त्याच्या नावावर. आबांच्या नावावर फक्त मतं उरली होती.

शेजारी बांधावर थांबून मुद्दाम विचारायचे, "काय आबा, हात थकले वाटतं?" आबा हसून वेळ मारून न्यायचे आणि घरी येऊन आमच्यावर खेकसायचे.

तिसऱ्या वर्षी तपासणीचे साहेब येणार होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. साहेब येणार आणि त्यांना गचाळ शेत दाखवायचं? आबांनी सकाळीच ट्रॅक्टर काढला आणि पट्टीत घातला.

अर्धी पट्टी उलटली तेव्हा दादा पोचला. "आबा, थांबा!" आबा थांबले नाहीत. दादाने ट्रॅक्टरवर चढून त्यांना कॉलरला धरून खाली खेचलं. ट्रॅक्टर तसाच पुढे ओढ्यात जाऊन बंद पडला. आबांच्या हाताला पाना लागला, तो त्यांनी दादाच्या तोंडावर हाणला. दादाचे दोन दात पडले. रक्त थुंकत त्याने आबांना पालथं पाडलं आणि पान्याचा हात मागे पिरगाळला. हाड मोडल्याचं मला लांबूनही ऐकू आलं. तरी तो सोडेना.

"तीन वर्षं सांभाळली मी! तीन वर्षं!" असं ओरडत तो त्याच हातावर गुडघा दाबत होता.

मी फावडं उचललं आणि धावत जाऊन दादाच्या पाठीत घातलं. तो कोसळला. खोटं कशाला बोलू, मी दुसऱ्यांदाही उगारलं होतं. दोघांचाही मला इतका राग आला होता.

"पोरी, बस झालं," आबा म्हणाले.

तेवढ्यात साहेब फाईल घेऊन आले. उलटलेली माती बघून त्यांनी विचारलं, "कुणी नांगरलं हे?"

"मी," आबा म्हणाले. "मालकाने मला अडवलं. हा घ्या पुरावा." आणि त्यांनी लोंबणारा हात दुसऱ्या हाताने वर उचलून धरला.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, आधी दवाखान्यात चला."

"आधी लिहा."

साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: मालकाने वडिलांना बळाने अडवले, त्यात वडिलांचा हात मोडला. खाली मालकाची सही लागणार होती.

दादा कसाबसा उठून बसला आणि त्याने कागद मागे सारला. "आबा, हे माझ्याने नाही होणार."

"मोडताना झालं ना? मग कर सही. जायचंय का तुला परत?"

दादाने सही केली. करार टिकला, तोही घरी राहिला. पण आबांच्या समोर जेवायला बसायची हिंमत त्याला अजून झालेली नाही.