बारा खिशांचं जॅकेट

आईचा सत्कार आठ दिवसांवर आला तेव्हा तिने फोटोग्राफर लेकीला बजावलं, "फोटो तूच काढ. पण ते नळ दुरुस्त करायला आल्यासारखं जॅकेट घालून येऊ नकोस. माझ्या शाळेतली माणसं असतील. निदान एक दिवस तरी जरा बरी दिस."

आई म्हणजे तीस वर्षं मुख्याध्यापिका. घरात घंटा तेवढी व्हायची बाकी होती. लेक बेचाळीस वर्षांची झाली तरी आई ओळखीपाळखीत "कॉम्प्युटरवर काहीतरी असतं तिचं" असंच सांगायची. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं लेक सगळ्यांना सांगत फिरायची. वाटायचं. चांगलंच वाटायचं. यंदा आई चारचौघांत नुसतं 'ही माझी मुलगी, फोटोग्राफर' एवढं म्हणाली असती तरी लेक उंच टाचांच्या बुटांवर डोंगर चढली असती.

डोंगर नव्हता, पण बूट आले. निळा लांब ड्रेस आला. चामड्याची ऐटबाज पर्स आली. तिच्यात कॅमेरा मावतो असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. मावत होता. फक्त मग फणी, लिपस्टिक आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डं यांपलीकडे काही मावत नव्हतं. म्हणून दुसरी लेन्स स्कार्फात गुंडाळून काखेत गेली आणि ट्रायपॉड छत्रीसारखा हातात आला. ड्रेसला दोन खिसे दिसत होते, दोन्ही नुसतेच वरून शिवलेले. बायकांचे कपडे शिवणाऱ्यांचं आणि खिशांचं काय वाकडं आहे, देव जाणे.

आता, तिची सोळा वर्षांची पद्धत अशी: कोरं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात, फोटोंनी भरलेलं उजव्या. डावीकडचं कार्ड कॅमेऱ्यात गेलं की खात्रीसाठी न बघताच पुन्हा एकदा पुसायचं आणि कामाला लागायचं. सोळा वर्षांत एक चूक नाही. ही हुशारी आपली, असं ती समजत होती. ती जॅकेटची होती.

सभागृहात माना वळल्या. आईने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि "बरं" म्हटलं. आईच्या तोंडून हे म्हणजे पहिला नंबर. लेक फुशारली. प्रमुख पाहुणे आईचेच विद्यार्थी, आता मोठे अधिकारी. त्यांनी मानपत्र दिलं, टाळ्या झाल्या, लेकीने धडाधड फोटो घेतले. कार्ड भरलं, ते पर्समध्ये पडलं. मग चहाच्या वेळी तिने पर्समध्ये हात घालून एक कार्ड काढलं, कॅमेऱ्यात टाकलं, न बघता पुसलं आणि चहा पिणाऱ्यांचे दीडशे फोटो काढले.

"मानपत्र घेतानाचा दाखव," आई शेजारी येऊन म्हणाली.

लेकीने फोटो मागे सरकवले. चहा. चहा. केकने गाल फुगलेले अधिकारी. पर्समधली बाकीची कार्डं घालून पाहिली, सगळी कोरी. घरी गेल्यावर बघू, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण आईसमोर तिला ते आजवर कधी जमलं नव्हतं.

"गेला, आई. मीच पुसला."

"पुसला म्हणजे?"

"जॅकेटला खिसे असतात. कोरं डावीकडे, भरलेलं उजवीकडे. आज सगळं या पर्समध्ये एकत्र होतं."

आईने पर्स पाहिली. मग लेकीच्या ड्रेसच्या खिशात बोट घालायला गेली. बोट आत जाईना. आईने वळून दोन टाळ्या वाजवल्या. सभागृह चिडीचूप झालं. कुणीतरी तोंडाशी नेलेला केक खाली ठेवला.

"सगळ्यांनी परत आपापल्या जागी बसा. ही माझी मुलगी, फोटोग्राफर आहे. माझ्या हट्टापायी आज खिसे घरी ठेवून आली, म्हणून फोटो गेला. चूक माझी आहे." असं वाक्य आईच्या तोंडून लेकीने जन्मात ऐकलं नव्हतं. तिला गहिवरून आलं, पण आई थांबायला तयार नव्हती; ती प्रमुख पाहुण्यांकडे वळली. "आणि तू, मघाशी मानपत्र उलटं धरलं होतंस. आता सुलट धर."

"हो बाई," अधिकारी तोंड पुसत म्हणाले.

लेकीने बूट भिरकावले आणि ती अनवाणी खुर्चीवर चढली. चहाचं कार्ड काढून कोरं घातलं, आणि काढलेलं हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहिली.

"आण ते इकडे," स्टेजवरून आई म्हणाली. "भरलेलं उजवीकडे ना?"

तो फोटो आता आईच्या भिंतीवर आहे. त्यात ती डाव्या हाताने मानपत्र घेते आहे आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली आहे. येणारेजाणारे विचारतात, हाताला काय झालं होतं?

"काही नाही," आई सांगते. "तेव्हा मी मुलीच्या कामावर होते."