मोठ्या ऑफिसातला आवाज

डांबरगोळी गुडघ्याखाली आली, फुटली मात्र नाही, घरंगळत कपाटाच्या कोपऱ्यात गेली आणि खालाच्या काळ्या कोटाच्या काठाखाली पांढरा ठिपका होऊन थांबली. इनासने श्वास रोखला. मायक्रोफोनने तेवढी खरखर टिपली असणार... टिपू दे. पुन्हा म्हणायचं. ‘कृपया थोडा वेळ थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ — हे वाक्य तिने इतक्या बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी, आखातातल्या कुठल्या कुठल्या दवाखान्यांसाठी रेकॉर्ड करून दिलं होतं, की आता ते तोंडात आपोआप तयार असे, पानात चुना लावलेला असावा तसं. त्या कंपन्यांची ऑफिसं तिने कधी पाहिली नव्हती. त्यांनीही हे कपाट पाहिलं नव्हतं. खालाचे लोकरीचे कोट तिच्या डोक्यावर लोंबत असत. त्यांच्यात खालच्या गल्लीतला भंगारवाल्याचा भोंगा विरून जाई, गच्चीवरच्या कोंबड्यांचा कलकलाट विरून जाई, मायक्रोबसवाल्यांची भांडणं विरून जात. आत उरायचा तो फक्त आवाज. स्वच्छ, थंड, इस्त्री केलेला.

ह्या आवाजाला इमारतीत नाव होतं : मोठ्या ऑफिसातला आवाज.

थाप पडली. पडणारच होती.

“झालं का गं?” बाहेरून खाला, तिची मावशी. “रशवान आलाय. लिफ्टवाल्याला फोन करायचाय, तर तुझा तो आवाज हवाय त्याला.”

लिफ्ट गेल्या आठवड्यापासून बंद होती आणि खाला तेव्हापासून खाली उतरली नव्हती. रखवालदार रशवान लिफ्टवाल्याला रोज फोन करी, आणि लिफ्टवाला रोज ‘उद्या नक्की’ म्हणे, कारण रशवानच्या आवाजात दक्षिणेकडच्या सईद मुलखातलं गाव होतं, उन्हात उभं राहिल्याचा घाम होता. इनासने फोन केला की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं विजेचं बिल, दुसऱ्यावरच्या म्हातारबुवांचं पेन्शन, खालाच्या गॅसच्या टाक्या... नवऱ्याचं घर सोडून ती ह्या पाचव्या मजल्यावर मावशीकडे आली तेव्हापासून अर्ध्या इब्राहिमीया वस्तीची अडलेली कामं ह्या आवाजाने सुटली होती.

“आज नाही, खाला. आज मला अर्ज द्यायला जायचंय.”

मग खालाच्या चपला फरफटत दूर गेल्या, आणि जाता जाता ती रशवानला म्हणाली ते इनासला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाली — बाईसाहेब ग्रीसला निघाल्यात, तिथल्या मांजरांना ‘थोडा वेळ थांबा’ म्हणायला.

इनास हसली. कोटाआड, एकटी. नाही म्हणता येतं तर! इतकं सोपं असतं हे, आणि आपण इतकी वर्षं...

पाच मजले उतरताना फायलीचं वजन काखेत बरं वाटत होतं. सगळं होतं त्यात : कंपन्यांचे करार, बँकेचे उतारे, विमा, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं पत्र, ग्रीसमधल्या कवाला गावातल्या एका खोलीचा भाडेकरार. खोलीचे फोटो तिने इतक्यांदा पाहिले होते की त्या खिडकीला आतून कडी आहे की खिट्टी, हेही तिला सांगता आलं असतं. बाहेरून येऊन वर्षभर राहायचं, आपलं काम त्या देशाबाहेरच्या लोकांसाठी तिथे बसून करायचं, त्यासाठी हा परवाना. मिळेल. ह्याबद्दल तिला शंका नव्हती. कागदांच्या बाबतीत तिला कधीच शंका नसे. शंका असते ती माणसांच्या बाबतीत. रशवान जिन्याखाली बाकावर बसून बीन्सचा पाव खात होता. त्याने उठल्यासारखं केलं, फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा घास घेतला. तिने ‘येते’ एवढंच म्हटलं. पाठीवर त्याची नजर मायक्रोबसपर्यंत आली.

ग्रीसच्या व्हिसा कचेरीत अर्ज घेणारी मुलगी काचेपलीकडे बसली होती, डोक्याला जांभळा रुमाल, पापण्यांवर सुरेख रेघ. एकेक कागद उलटताना तिची मान हलत होती, आणि इनासला आपल्याच नीटनेटकेपणाची लाज वाटावी इतका आनंद होत होता. मग ती थांबली. म्हणाली, की हे हमीपत्र छापलेलं चालणार नाही, पुढ्यात बसून हाताने लिहावं लागेल, खाली सही. कोरा कागद काचेखालून सरकला.

इनासने ते हमीपत्र कितीदा वाचलं होतं. पण वाचणं निराळं आणि हाताने एकेक अक्षर काढणं निराळं. मी, खाली सही करणार... त्या देशातल्या माझ्या मुक्कामात... तिथल्या कुणाही मालकासाठी किंवा व्यक्तीसाठी... कसलंही काम वा सेवा करणार नाही.

पेन थांबलं.

कसलंही नाही. कुणासाठीही नाही. एक सरकार तिच्याकडून शपथेवर लिहून घेत होतं की बाई, तू इथे कुणाच्या कामी पडायचं नाहीस! तांता शहरातल्या त्या घरात सासरा, दोन दीर, आणि ज्याला स्वतःचे मोजे सापडत नसत असा नवरा — त्या घराच्या दारावर असा कागद चिकटवता आला असता तर? दार वाजलं की बोट दाखवायचं : क्षमा करा, कायद्याने मनाई आहे. तिला हसू फुटायला लागलं, ते तिने ओठांत दाबलं, आणि ‘सेवा’ हा शब्द ठसठशीत लिहिला, कागदाच्या मागून त्याची शाई दिसेल असा. मी. मी नाही करणार. मी सकाळी उठेन, कवालाच्या बंदरावर जाईन, माझ्याशी कुणाला काही काम नसेल, आणि मी माझी कॉफी गार होईपर्यंत...

शेजारच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ अडले होते. त्यांची मुलगी अथेन्सला. तिला मूल झालं होतं. कुठलासा कागद हवा होता आणि तो कुठला हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मागे वळून सगळ्या बाकांकडे पाहिलं. कुणी सांगेल का ह्यांना? इनासच्या घशात तो आवाज उभा राहिला, सवयीने, बोलावलेल्या घोड्यासारखा. तिने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मागच्या रांगेतली एक बाई उठली, म्हाताऱ्यांच्या हातातला कागद घेतला, आणि काम झालं. झालंसुद्धा. आपल्यावाचून. इनासला हलकं वाटलं; आणि त्या हलकेपणाच्या तळाशी काहीतरी टोचलं, बुटात राहिलेल्या वाळूच्या कणासारखं. सरावाने जाईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

मुलीने सही तपासली. मग फाईल मिटता मिटता, नियमातलं नसावं अशा सुरात विचारलं, “मॅडम, तुमचं काम तर कुठूनही होतं. मग इथूनच का नाही?”

“काम इथून होतं,” इनास म्हणाली, “काम संपल्यावर गप्प बसणं होत नाही.”

मुलगी हसली. “माझ्या आईला सांगू नका हे. तीही निघेल.”

कळवू म्हणाली. बाहेर समुद्रावरून वारा सुटला होता, आणि इनास दोन थांबे उगाच चालत गेली, हात मोकळे सोडून.

इमारतीत शिरली तर लिफ्टच्या जाळीआड दिवा. रशवान छाती काढून जाळीपाशी उभा.

“इनासबाई, देव तुमचं भलं करो. तुम्ही फोन केलात, आणि तो पळत आला, पळत! वर माझीच माफी मागून गेला.”

“मी नाही केला, रशवानकाका.”

तो सलगीने हसला, म्हणजे बाईंनी मोठेपणा नको म्हणून सांगू नये असं ठरवलंय तर. त्याने जाळी उघडून धरली. लिफ्ट कुरकुरत वर निघाली आणि इनास आरशातल्या स्वतःकडे पाहत राहिली, आपला आवाज आपल्याला वगळून कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटत.

खाला स्वयंपाकघरात मुलुखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसली होती. वर पाहिलं नाही.

“लिफ्टवाल्याला कुणी फोन केला?” इनासने विचारलं.

“मी.”

“तुझं ऐकलं त्याने?”

खालाने देठ बाजूला टाकला, पाठ ताठ केली, आणि म्हणाली, “कृपया साहेबांना फोन द्या. मी थांबते.”

इनास दारातच थबकली. तो आवाज. तसाच, ‘कृपया’नंतर अर्धा श्वास सोडलेला, तीच इस्त्री... टेलिफोन खात्यात सगळी नोकरी काढलेली ही बाई, दमास्कस जोडून देणारी, बैरुत जोडून देणारी. लहानपणी सुट्टीत तिच्या खुर्चीमागे बसून इनास हे वाक्य ओठांनी म्हणून पाहत असे. हे ती विसरली होती असं नाही. पण ते तिच्या मालकीचं झालं होतं, जशी दुसऱ्याची भांडी वापरून वापरून आपली होतात.

“मग इतकी वर्षं मला का फोन करायला लावत होतीस?”

“तू तांत्याहून आलीस तेव्हा तोंड उघडत नव्हतीस,” खाला म्हणाली, पानं खुडतच. “जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. मग गॅसवाला टाकी देत नाही म्हणून तुझ्या हातात फोन दिला. देत होता तो, मेला रोज देत होता. पण तू बोललीस. मग काय... सगळ्यांना सांगितलं, हिला कामं द्या.” तिने चाळणी पुढे ओढली. “तिकडे थंडी असते म्हणे. काळा कोट घेऊन जा.”

“कोट काढला तर कपाटात आवाज घुमेल.”

“मग तिकडे बसायचंय तुला की कपाटात?”



ती कपाटात जाऊन बसली. सकाळचं वाक्य अर्धवट होतं. ते पुन्हा म्हणायचं होतं, आजच पाठवायचं होतं. डांबरगोळी कोपऱ्यात तशीच. तिने यंत्र सुरू केलं, म्हटलं, मागे नेऊन ऐकलं. चांगलं झालं होतं. तिच्याच गळ्यातून आलेलं, आणि तरी कुणी विचारलं असतं हा कुणाचा, तर तिला आधी विचार करावा लागला असता. परवाना येणार. कवालाची खोली तिची असणार, बंदर, गार होणारी कॉफी, सगळं. त्यात काही हललं नव्हतं. हललं होतं ते इकडचं... इतकी वर्षं जो भार आपण वाहतोय म्हणून ती मनात कुरकुरत होती, तो कुणीतरी एकेक करून, तोलून मापून, तिच्या हातात ठेवला होता. लहान मुलाला चालायला शिकवताना त्याच्या हातात रिकामी पिशवी द्यावी तसा.

बाहेर शांत होतं. चपलांची फरफट कपाटापर्यंत आली, थांबली, आणि थाप न मारता परत गेली. ही शांतताही, तिला कळलं, कुणीतरी बाहेर धरून ठेवली होती, तिच्यासाठी. यंत्राचा लाल दिवा चालू होता. इनासने काळ्या कोटाच्या बाहीत एक हात घातला, खांद्यापर्यंत, हँगरवरून न काढता, आणि तशीच बसून राहिली. पुढचं वाक्य म्हणायची तिला घाई नव्हती.