आनंदरावांनी भरलेली सुटकेस

सुटकेस भरावी तर आनंदराव गजभियेंनीच, असं नागपूरच्या इंदोरा वस्तीतली चार घरं तरी मानत. रेल्वेच्या टपाल डब्यात ते पत्रं निवडायचं काम करायचे. नागपूर-भुसावळ जाता-येता बावीस वर्षं गेली आणि तेवढी वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांनी आपली बॅग आपणच भरली. जड सामान बिजागरीच्या बाजूला, कपड्यांच्या घड्या नाहीत तर गुंडाळ्या, आणि बोटभर फट दिसली की तिथं पायमोजा. शेजारपाजारी कुणी लग्नाला निघालं की त्यांना बोलावणं यायचं.

बहात्तरच्या डिसेंबरात त्यांची बायको कौसल्या पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय परगावी निघाली. विहारातल्या अकरा बाया यात्रा नेणाऱ्या भीमाबाईंच्या सोबतीनं बारा दिवस बुद्धगयेला जाणार होत्या. भीमाबाईंनी बजावलं होतं की इटारसीला गाडी बदलायची आहे, तेव्हा जिचं ओझं तिनंच उचलायचं.

"मी भरून देतो," आनंदराव म्हणाले. "तुले जमायचं नाही."

"भरा जी," कौसल्या म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

त्यांनी चार लुगडी गुंडाळली, प्रत्येकात त्याचं पोलकं घातलं. रोज सकाळी एक गुंडाळी काढायची, शोधाशोध नको. स्वेटर, टॉर्च, साखळी-कुलूप, बामची डबी. एकेक वस्तू ठेवताना ती तिथंच का, हेही सांगितलं. शेवटी झाकण एका बोटानं लावून दाखवलं.

"छान भरली," ती म्हणाली. मग जरा थांबून, "थोडी जागा उरंन का जी?"

"कशाले?"

"काई नाई. असंच."

"जागा उरली का सामान हलते. हललं का समदं चुरगळते."

ती पुन्हा तांदळाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला गाडीत बसवून ते घरी आले. चपला काढायला वाकले तर खाटेखाली टॉर्च दिसला. शेजारी साखळी-कुलूप, स्वेटर आणि दोन लुगडी, त्यांनीच केलेल्या गुंडाळ्यांत. आनंदरावांचं डोकंच फिरलं. इतकं नीट भरून दिलं, आणि बाईनं पाठ फिरताच उपसून टाकलं!

राग ओसरल्यावर त्यांना आठवलं, स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना तिचा हात चांगला ताणलेला होता. बॅग हलकी नव्हती. म्हणजे काढलं तसं काहीतरी घातलंही होतं. काय?

ते घरभर पाहू लागले. फणी होती, आरसा होता, तिची औषधाची बाटली होती. पिठाच्या डब्यामागं फळीवर मात्र धुळीत एक चौकोन स्वच्छ दिसत होता, वहीएवढा. त्यांना काही उमगेना. बायकोजवळ काय काय आहे हे शेजारी जाऊन विचारायची त्यांना लाज वाटली.

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. सवयीनं त्यांनी आधी पत्ता पाहिला. मोठी, सुटी सुटी अक्षरं. वरची रेघ कुठं चढलेली, कुठं तुटलेली. कुण्या लेकराकडून लिहवून घेतलं असेल म्हणून त्यांनी कार्ड उलटलं.

'आमी सुखरुप पोचलो. झाड पाहीलं. त्याच्या सावलीत बसून मी हे माझ्या हातानं लिहुन राहिली. थंडी लई हाये. भीमाबाईची शाल घेतो. सेटर काढून वह्या अन पुस्तक नेलं, रागऊ नका. कौसल्या.'

ते तसेच शेजारच्या रंभाबाईंकडं गेले. त्या हसायलाच लागल्या.

"तुमाले माईतच नाही? दोन वर्षं झाली की! प्रेमिलाताई लिवाले-वाचाले शिकवते आमाले विहारात, दुपारच्याले. कौसल्या सगळ्याइच्या पुढं हाये."

दोन वर्षं. आनंदराव घरी येऊन खाटेवर बसले. कोंढाळीचा कोणता सावकार 'ळ' कसा काढतो, वर्ध्याचा कोणता मास्तर पत्ता तिरपा लिहितो, हे ते पाकीट न वाचता सांगत. हजारो परक्या माणसांचं अक्षर ओळखणाऱ्या या माणसाला घरातलं एक अक्षर ओळखता आलं नव्हतं. ते कार्ड त्यांनी किती वेळा वाचलं कोण जाणे.

कौसल्या परत आली. उन्हानं थोडी काळवंडली होती, बोलत मात्र भरभरून होती. चहा झाल्यावर आनंदरावांनी विचारलं, "मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुमी चुका काढल्या असत्या."

आवाजात तक्रार नव्हती. चहा गरम आहे म्हणावं, तसं ती म्हणाली.

आनंदरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण कार्ड उलटलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत खुपला होता तो 'सुखरुप'चा ऱ्हस्व रु. बायको खुशाल आहे हे त्यानंतर.

"काढल्या असत्या," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग सुटकेस पुढं ओढून उघडली. धुवायचे कपडे कसेही कोंबलेले होते, आणि त्यांच्यामध्ये दोन जाड वह्या. एक भरत आली होती.

"काय लिवलं एवढं?" त्यांनी हात पुढं केला.

तिनं वही दिली नाही. मांडीवर घेतली आणि पदरानं पुसली.

"मी वाचतो," ती म्हणाली. "तुमी आयका."

आनंदराव भिंतीला पाठ टेकून बसले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून कौसल्या सावकाश वाचू लागली. ती मध्येच एका जोडाक्षराशी अडली, तेव्हा ते गप्प राहिले आणि तिला ते सापडेपर्यंत वाट पाहत राहिले.